पिग्मी, मंगलोरी कौलं आणि मणिपाल: दक्षिण कन्नडचा किनारा विद्यापीठांचा कसा झाला?

खणभागकर (धागाकर्ता)

सांगलीत पिग्मी, म्हणजे दारात येऊन रोज गोळा केली जाणारी छोटी ठेव, माहीत नाही असा दुकानदार सापडायचा नाही. हा शब्द आपल्या पतसंस्थांनी काढलेला नाही. तो उडुपीचा आहे, १९२८ सालचा, रोज दोन आण्यांच्या ठेवीचा. आपल्या जुन्या वाड्यांवर आणि गुऱ्हाळांवर दिसणारी मंगलोरी कौलंही त्याच पट्ट्यातली. आणि दर जूनमध्ये सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगावची मुलं ट्रंका घेऊन जिकडं निघतात ती मणिपाल, सुरतकल, देरळकट्टे ही गावंही त्याच किनाऱ्यावरची. पैसा, कौल आणि कॉलेज या तिन्हींचा तिकडं एकमेकांशी संबंध आहे, म्हणून हा धागा.

आधी भूगोल. टिपू पडल्यावर, १७९९ नंतर, हा मुलूख इंग्रजांकडं आला. पुढं त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. १८६२ मध्ये कारवारकडचा उत्तर कानडा मुंबई इलाख्यात गेला, मंगळूरकडचा दक्षिण कानडा मद्रासकडंच राहिला. त्यामुळं मंगळूरच्या पोरांची वाट शतकभर मद्रासकडं होती. १९०७ मध्ये रेल्वे आली तीही दक्षिणेकडून, कालिकतच्या बाजूनं. उत्तरेकडून सलग रूळ यायला १९९८ उजाडलं, तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात आला आणि १९९७ मध्ये त्यातून उडुपी वेगळा निघाला. म्हणजे आज मणिपाल उडुपी जिल्ह्यात, आणि सुरतकल, देरळकट्टे, कोणाजे दक्षिण कन्नडमध्ये. अर्ज भरताना जिल्हा चुकवू नका.

शिक्षणाची सुरुवात मिशनऱ्यांची. बासल मिशन १८३४ मध्ये मंगळुरात उतरलं. १८४१ मध्ये छापखाना काढला, १८४३ मध्ये त्यांच्या मोगलिंगनं कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र 'मंगळूर समाचार' काढलं, १८६५ मध्ये नेत्रावतीकाठी जेप्पूला कौलांचा कारखाना टाकला. १८८० मध्ये जेझुइटांचं सेंट अलॉयशियस कॉलेज, १९२१ मध्ये मुलींसाठी सेंट ॲग्नेस. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, म्हणजे तोवर आपण फार मागं नव्हतो. फरक पडला तो पुढच्या टप्प्यात, बँकांच्या.

कॅनरा बँक १९०६, मंगळूर. कॉर्पोरेशन बँक १९०६, उडुपी. कर्नाटक बँक १९२४, सिंडिकेट १९२५, विजया १९३१. एका जिल्ह्यात! १९६९ आणि १९८० मिळून ज्या २० बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यांतल्या ४ याच जिल्ह्यात जन्मलेल्या. आता त्यांतली कॅनरा तेवढी नावानं उरलीय. विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात आणि कॉर्पोरेशन त्याच वर्षी युनियन बँकेत गेली. आपली सांगली बँक १९१६ ची, ती २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, तसंच.

---

हळदपेव

पिग्मीचं जरा इस्कटून सांगा की. दोन आण्यांवर बँक चालते होय?

---

खणभागकर

चालली, कारण दोन आणे रोज होते.

सिंडिकेट सुरू झाली तेव्हा भांडवल ८ हजार रुपये, नाव 'कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट', उद्देश विणकरांना कर्ज. मागं तिघं होते: उपेंद्र अनंत पै, त्यांचे धाकटे भाऊ डॉ. टी. एम. ए. पै आणि वामन कुडवा. कर्ज द्यायला ठेव हवी, आणि ठेव ठेवायला विणकर, मासेवाली, हॉटेलातला पोऱ्या बँकेच्या पायरीवर येणार नाहीत. म्हणून १९२८ पासून बँकेचा माणूसच दारात जायला लागला. ठेवीदाराकडं एक छोटं पुस्तक, एजंटाकडं दुसरं. पैसे हातात पडले की दोन्हीकडं नोंद आणि सही. संध्याकाळी एजंटाची रोकड आणि त्याच्या पुस्तकाची बेरीज शाखेत जुळली पाहिजे.

हिशेब करा. रोज २ आणे म्हणजे वर्षाचे ७३० आणे, म्हणजे ४५ रुपये १० आणे. सात वर्षं भरले तर व्याज सोडून ३१९ रुपये ६ आणे. त्या काळात एवढी रोकड एकदम हातात येणं ही मासेवालीच्या घरात मोठी गोष्ट होती. बँकेच्या बाजूनं पाहिलं तर हजार खाती म्हणजे रोज २००० आणे, १२५ रुपये, न मागता, न चुकता. असा रोजचा ओघ असला की लांब मुदतीचं कर्ज देता येतं.

बिघडायचं कुठं? आजही तिथंच बिघडतं. एजंट पैसे घेतो आणि नोंद 'उद्या एकदम टाकतो' म्हणतो. त्या उद्यात घोळ असतो. मशीनची पावती त्याच क्षणी घ्यायची, मोबाईलवर संदेश येतो का पाहायचं, आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन शिल्लक विचारायची, एजंटाला नव्हे. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, उलट थोडी कापतात. आणि आपल्याकडं लोक सर्रास विसरतात ते हे: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे (व्याज धरून, दर ठेवीदारामागं, दर बँकेमागं), सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. पिग्मीवाल्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बँकेचं की पतसंस्थेचं ते वाचा.

---

मिरज_जंक्शन

धागा झकास. पण विद्यापीठ अजून आलंच नाही, ते मी पुढं ओढतो.

मणिपाल म्हणजे उडुपीच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवरचा जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे पठार. पायथ्याच्या 'मण्णु पळ्ळ' या मातकट तळ्यावरून नाव पडलं. मण्णु म्हणजे माती, पळ्ळ म्हणजे तळं. शेतीला निकामी म्हणून जमीन स्वस्त. डॉ. पै स्वतः मद्रासहून शिकून आलेले डॉक्टर. त्यांनी १९४२ मध्ये ॲकॅडमी ऑफ जनरल एज्युकेशन काढली, १९५३ मध्ये कस्तुरबा मेडिकल कॉलेज, १९५७ मध्ये इंजिनिअरिंग.

इथं एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर फिरतं: 'कस्तुरबा हे देशातलं पहिलं खासगी मेडिकल कॉलेज.' नाही. वेल्लोर, लुधियाना ही मिशनची कॉलेजं आधीची आहेत. मणिपालचं वेगळेपण हे, की सरकारी अनुदान नाही, मिशनची देणगी नाही, विद्यार्थ्यांच्या फीवर कॉलेज चालवायचं. फीवर चालणारं व्यावसायिक कॉलेज ही कल्पना इथं रुजली.

आणि हुशारी बघा. मेडिकल कॉलेजात सगळ्यात महाग काय? इमारत नव्हे, रुग्णालय. सड्यावर रुग्ण कुठून आणणार? म्हणून क्लिनिकल शिक्षण मंगळूरच्या सरकारी वेनलॉक रुग्णालयात. ते १८४८ पासूनचं, खाटा तयार, रुग्ण तयार. कॉलेजनं शिक्षक दिले, सरकारनं वॉर्ड दिले. मणिपालचं स्वतःचं कस्तुरबा रुग्णालय १९६१ मध्ये उभं राहिलं. म्हणून कस्तुरबाची आजही दोन कॉलेजं आहेत, मणिपाल आणि मंगळूर, मधे साठेक किलोमीटर. जागा निवडताना दोन्हींची नावं सारखीच दिसतात, गावाचं नाव बघून टिक करा. १९९३ मध्ये मणिपाल अभिमत विद्यापीठ झालं.

बाकीचे टप्पे भराभर. सुरतकलचं रिजनल इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं, यू. श्रीनिवास मल्ल्या या खासदारांनी ओढून आणलेलं, २००२ पासून एनआयटी. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय १९६९, देशातलं पहिलं. कोणाजेला म्हैसूर विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र १९६८ मध्ये आलं, त्याचंच १९८० मध्ये मंगळूर विद्यापीठ झालं, परिसराचं नाव मंगळगंगोत्री. निट्टे आणि येनेपोया २००८ मध्ये अभिमत झाली. देरळकट्टेचा सडा आज जवळजवळ सगळा कॉलेज, रुग्णालय, वसतिगृह आणि झेरॉक्सच्या दुकानांनी भरलाय.

---

जांभा_आणि_काळी

बांधकामाच्या बाजूनं लिहितो, कारण तिथली सगळी विद्यापीठं सड्यावर का आहेत हे नुसतं 'जमीन स्वस्त' म्हणून संपत नाही.

किनाऱ्यालगत वाळूची चिंचोळी पट्टी, तिथं कोळीवाडे. तिच्यामागं नद्यांच्या मुखांजवळचा खोलगट भाग, भात आणि नारळ. त्याहून उंच जांभ्याचे सडे, ज्यांना तिकडं 'पदवु' म्हणतात. भातखाचरावर कुळं होती, जमिनीचे वाद होते. १९७४ नंतर कर्नाटकात कूळकायदा कडक झाला आणि खाचरं कुळांच्या नावावर गेली. सड्यावर कूळ नव्हतं. सलग मोठा तुकडा, एक-दोन मालक, पूर नाही, पाया घट्ट. कॉलेजला हेच हवं असतं. सुरतकलचा परिसर जवळजवळ ३०० एकर आहे आणि पश्चिमेला थेट वाळूत उतरतो. मधून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो, त्यामुळं दोन अर्ध्यांना जोडायला खालून भुयारी वाट आहे.

आता जांभा. खाणीतून ताजा काढलेला जांभा ओला आणि मऊ असतो, करवतीनं कापता येतो. हवेत वाळला की त्यातलं लोह घट्ट होतं आणि दगड टणक होतो. म्हणून चिरा काढल्या काढल्या भिंतीत घालत नाहीत, रचून ठेवतात. साधारण १४-१५ इंच लांब, ९ इंच रुंद, ७-८ इंच उंच. रंग विटकरी ते जांभळा, सुरीनं खरवडला की पिवळी माती जास्त निघत असेल तर तो चिरा भिंतीत नको, कुंपणाला ठीक.

आपल्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला हा स्वर्ग वाटतो. विश्रामबाग-कुपवाडकडं मुरूम लवकर लागतो ते सोडा, पण नदीकडच्या काळ्यात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात माती फुगून जोतं उचललं जातं. तिथं तो त्रास नाही. त्रास वेगळा: पाणी.

मंगळूरला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. सांगलीला पाच-सहाशे. तरीही एप्रिल-मेमध्ये मंगळूर-मणिपालला टँकर फिरतात आणि आपल्याला नळाला पाणी असतं. का? पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. सह्याद्री ते समुद्र अंतर कमी, नद्या आखूड, पडलं की गेलं. जांभा सच्छिद्र, सड्यावरचं पाणी खाली झिरपून उताराला झऱ्यांनी बाहेर पडतं, सड्यावरची विहीर मार्चनंतर तळ दाखवते. आपल्यामागं कोयनेचं १०५ टीएमसी आणि वारणेचं ३४ टीएमसी उभं आहे. मंगळूरची भिस्त नेत्रावतीवरच्या तुंबे बंधाऱ्यावर, उडुपी-मणिपालची स्वर्णा नदीवरच्या बजे बंधाऱ्यावर. पावसाळ्यानंतर दारं टाकून पाणी अडवायचं आणि जूनपर्यंत पुरवायचं. वळीव चुकला आणि मान्सून आठ दिवस लांबला की पाणीकपात. २०१६ आणि २०१९ मध्ये तेच झालं, वसतिगृहांनी सुट्ट्या पुढंमागं केल्या. वसतिगृह बघायला जायचंच तर जुलैत जाऊ नका, मेच्या पहिल्या आठवड्यात जा. खरा नळ तेव्हा दिसतो.

---

गणपतीपेठ

कौलांवर कोणीच बोलेना. वाड्याची डागडुजी करायची झाली तर मंगलोरी अजून मिळतात का? किती लागतील?

---

जांभा_आणि_काळी

मिळतात. जेप्पूचा मूळ कारखाना जर्मन-स्विस मिशनचा, पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून इंग्रजांनी ताब्यात घेतला. पण तोवर नेत्रावती-गुरुपूरच्या चिकणमातीवर दुसऱ्या मालकांचे कारखाने उभे राहिले होते. उलटं करून पाहा, जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि एखादी छापाची आकृती असते. सांगलीतल्या जुन्या वखारींवर अशी दोन-तीन वेगवेगळ्या छापांची कौलं एकाच छपरावर सापडतात. म्हणजे डागडुजी किती वेळा झाली ते तिथंच लिहिलेलं असतं.

मोजमाप: भारतीय मानक ६५४ मध्ये साधारण ४१० बाय २३५, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६० मिलिमीटर असे आकार आहेत. हे आकार एकमेकांत बसत नाहीत. घरातलं एक कौल सोबत न्या, नाहीतर नवं आणलेलं जुन्याच्या खाचेत बसणार नाही आणि पहिल्याच वळवात गळेल. एक चौरस मीटरला १५ च्या आसपास, म्हणजे १०० चौरस फुटांना १४० धरा, फुटीसाठी ५ टक्के जादा. वजन एकाचं दोन ते तीन किलो. १०० फुटांवर कोरडी ३००-४०० किलो, पावसात भिजून अजून जड. म्हणून कौलं बदलताना आधी वासे तपासायचे. वाळवी लागलेल्या वाशावर नवी कौलं म्हणजे पुढच्या वर्षी सगळंच खाली.

रिपांमधलं (कौलं ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साधारण ३२० मिलिमीटर, पण ते पुस्तकातून घेऊ नका. सहा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा, पूर्ण ताणून मोजा, मग पूर्ण दाबून मोजा, दोन्हींची सरासरी काढून भागा. सुतार हेच करतो. उतार ३० अंशांच्या आसपास. कमी ठेवला तर वाऱ्यानं पाणी खाचेतून मागं चढतं. आढ्यावरची कौलं चुना-सिमेंटात बसवताना माल जास्त भरला की तडा जातो, मग तिथूनच गळती.

खरेदीला गेलात की दोन कौलं एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर कच्चं भाजलेलं. आणि माकडांवर उपाय कुणाकडंच नाही, तो मानकात नाही.

---

विश्रामबाग_४१६४१५

आता कळीचा मुद्दा. आपल्याकडं काय कमी होतं? १८९४ मध्ये मिरजेत डॉ. वानलेसांचं रुग्णालय, १९१९ ला विलिंग्डन, १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज, तेच पुढं वालचंद. १९६२ मध्ये मिरजेचं सरकारी मेडिकल. मणिपालच्या १९५७ च्या इंजिनिअरिंगपेक्षा आपलं दहा वर्षं आधीचं आहे. मग विश्रामबागचं मणिपाल का नाही झालं?

माझं मत: आपली कॉलेजं अनुदानाची आणि आपल्याच मुलांची. कोल्हापूरचं विद्यापीठ १९६२ चं, त्याला संलग्न. जागा ठरलेल्या, फी सरकारनं ठरवलेली. कॉलेजला बाहेरचं पोर आणायची गरजच नव्हती. मणिपालला अनुदान नव्हतं, म्हणून त्याला मलेशियापासून दिल्लीपर्यंत पोरं गोळा करावी लागली. बाहेरचं पोर आलं की त्याला खोली, खानावळ, धोबी, बस, सगळं लागतं. वस्ती त्यानं वाढते, नुसत्या कॉलेजनं नाही. वालचंदचं पोर संध्याकाळी सायकलवरून घरी जेवायला जायचं.

आणि गंमत बघा. ते मणिपालचं मॉडेल महाराष्ट्रात कोणी आणलं? आपल्याच पद्माळ्याच्या वसंतदादांनी. १९८३ मध्ये मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली ती दादांनी. मणिपालनंतर बरोबर तीस वर्षांनी. पण तोवर परवानगी मिळवणारे बँकवाले नव्हते, साखर कारखान्यांभोवतीचे लोक होते. म्हणून आपल्याकडची कॉलेजं एका सड्यावर गोळा न होता कारखान्यांमागं विखुरली. वाळवा, कवठेमहांकाळ, विटा, ज्याचं त्याचं.

---

कृष्णाकाठ

विखुरली हे बरं झालं असं माझं म्हणणं. तालुक्याच्या पोरीला घरून एसटीनं जाऊन डिप्लोमा करता आला. मणिपालमध्ये बाहेरून आलेल्यांची गर्दी, उडुपीच्या विणकराच्या नातवाला त्यातलं काय परवडतं? पिग्मी त्यानं भरली आणि फी दिल्लीवाल्यानं.

---

विश्रामबाग_४१६४१५

मुद्दा बरोबर, आणि त्यावर कोर्टात तीस वर्षं भांडणं झालीत. कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी वरून घेतल्या जाणाऱ्या देणगीवर, कर्नाटकचा कायदा १९८४ चा, महाराष्ट्राचा १९८७ चा. १९९२ मध्ये मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक, १९९३ मध्ये उन्नीकृष्णन. मग ३१ ऑक्टोबर २००२ ला ११ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल, खटल्याचं नाव टी. एम. ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य. फी ठरवायची मोकळीक खासगी संस्थेला, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन नाही. २००५ चा इनामदार विरुद्ध महाराष्ट्र त्याच्या पुढचा. आज सांगलीतल्या खासगी कॉलेजच्या पावतीवर जो आकडा येतो तो २०१५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, आणि त्याची मुळं मणिपालच्या त्या खटल्यात आहेत. पालकांनी एवढं करावं: कॉलेजचा त्या वर्षाचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या यादीत बघावा आणि 'विकास निधी' वेगळा पावतीविना मागितला तर लेखी मागावं.

अभिमत विद्यापीठाला मात्र हे राज्याचं प्राधिकरण लागू नाही. मणिपाल, निट्टे, येनेपोया किंवा आपल्या सांगलीतलं अभिमताखालचं मेडिकल, सगळ्यांची फी वेगळ्या रस्त्यानं ठरते. चार किंवा साडेचार वर्षांचा पूर्ण आकडा, वसतिगृह, खानावळ आणि दरवर्षीची वाढ, हे चारही लिहून घ्या.

---

जतचा_कन्नडिग

प्रवेशाचं कोणी सांगा. आमच्या तालुक्यातल्या मुलांना कर्नाटकात काही सवलत असते म्हणतात, खरं का?

---

काउन्सेलिंग_फेरी

खरं आहे, आणि जतच्या लोकांनाच ते माहीत नसतं. कर्नाटकच्या सीईटीच्या नियमांत 'गडीनाडू कन्नडिग' (सीमाभागातले कन्नडिग) अशी तरतूद आहे. महाराष्ट्राच्या बाजूला दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज हे तालुके त्यात आहेत. मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव असावी लागते आणि कन्नडची लेखी चाचणी पास व्हावी लागते. रहिवास आणि शिक्षणाच्या वर्षांची अट आणि दाखल्याचा नमुना चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतून शब्दशः वाचा. दाखला जतच्या तहसील कचेरीतून कर्नाटकच्या नमुन्यातच हवा, आपल्या सेतूचा छापील नमुना तिथं चालत नाही. इथंच मुलं अडकतात. मिरज तालुक्यात घरात कन्नड बोलत असाल तरी यादीत मिरज नाही. आणि जतची बोली वेगळी, चाचणी पुस्तकी कन्नडची. आठवी-नववीचं कन्नड पाठ्यपुस्तक दोन महिने वाचून जा.

बाकीच्यांसाठी: सुरतकल एनआयटीत निम्म्या जागा कर्नाटकसाठी, निम्म्या इतर राज्यांसाठी. आपण इतर राज्यांत मोडतो, आपलं गृहराज्य नागपूरच्या व्हीएनआयटीत. त्यामुळं सुरतकलचा कटऑफ बघताना इतर राज्यांचा रकाना बघा. गृहराज्याचा बघून खूश झालेले पालक दरवर्षी भेटतात. मणिपालचं इंजिनिअरिंग त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर. अभिमत विद्यापीठांचं मेडिकल नीटवरून, केंद्राच्या एमसीसी (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) फेरीतून. मंगळूरच्या अभिमत नसलेल्या खासगी मेडिकलमध्ये काही जागा परराज्यातल्यांना खुल्या, पण त्या कर्नाटकच्या केईए (परीक्षा प्राधिकरण) फेरीतून. म्हणजे दोन नोंदण्या, दोन अनामती, दोन वेगळ्या तारखा. एका फेरीतली जागा घेऊन बसलात तर दुसऱ्या फेरीत काय सुटतं ते आधी वाचा, अनामत जप्त होते ती इथं.

---

पायऱ्यांचा_घाट

समुद्राचं कोणी बोललंच नाही. पोरं 'बीच कॅम्पस' म्हणून भुलतात.

मंगळूर बंदर पणंबूरला आत खोदून केलेलं आहे, १९७४ मध्ये ते मोठं बंदर म्हणून जाहीर झालं. अशा बंदराच्या आणि नदीमुखाच्या दोन्ही बाजूंना समुद्रात दगडी बांध टाकावे लागतात. किनाऱ्यालगत वाळू सतत सरकत असते. बांधानं ती अडली की एका बाजूला साठते, दुसऱ्या बाजूला किनारा उपाशी राहतो आणि खचतो. नेत्रावती-गुरुपूरच्या मुखाच्या दक्षिणेला उल्लाळला तेच झालं, घरं समुद्रात गेली. सरकारनं आधी दगड टाकले. दगड टाकला की लाट तिथं थांबते आणि पुढच्या घरापाशी वाळू खाते. नंतर आशियाई विकास बँकेच्या कर्जातून पाण्यातच रीफ आणि आडवे बांध घातले.

खोली घेताना किनाऱ्याजवळची स्वस्त खोली दिसली तर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) विचारा. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात, आणि खाडीकाठीही, बांधकामावर बंधनं आहेत. परवाना नसलेल्या इमारतीला वीज-पाणी कनेक्शनची कटकट असते. किनाऱ्यालगतच्या बोअरला मार्चनंतर खारं पाणी लागतं, एक घोट चाखून बघा.

पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरून आत ओढणारे प्रवाह असतात. वरून पाहिलं तर दोन फुटत्या लाटांच्या मधे एक शांत, गढूळ पट्टा दिसतो. पोरं तो शांत म्हणून निवडतात, ओढ तिथंच असते. सापडलंच कोणी तर किनाऱ्याकडं झटापट न करता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग आत यायचं. कृष्णेत पोहणाऱ्या सांगलीच्या पोरांना हे जास्त सांगायला लागतं. त्यांना धारेची सवय आहे, पण नदीची धार एका दिशेनं जाते.

---

जांभा_आणि_काळी

खोलीचं एक राहिलं. गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे का बघा. तिकडं स्लॅबवर पत्रा ही फॅशन नव्हे, चार महिने स्लॅब भिजत राहिला की सळई गंजते आणि खालच्या खोलीचं प्लास्टर पोपडे धरतं. वरच्या मजल्याची पश्चिमेची खोली टाळा. पाऊस तिकडूनच मारतो, भिंतीला कपाट लावलं की पुस्तकांना बुरशी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढून ठेवायचं.

आपल्याकडं पूर म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा आकडा. ४५ फूट धोक्याची पातळी, २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं. मणिपालच्या सड्यावर पुराची भीती नाही, पण उताराच्या कापलेल्या कड्याखाली उभ्या केलेल्या पीजी इमारती आहेत. जांभ्याखाली पांढरी-गुलाबी शाडूसारखी माती असते, पाऊस मुरला की ती साबणासारखी सरकते. मागं उघडा कडा आणि त्याला पाणी निघायला भोकं नसलेली भिंत असेल तर त्या इमारतीत खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

---

मिरज_जंक्शन

प्रवासाचं विचारणारे आठ मेसेज आले, इथंच लिहितो. आठवड्यातून एकदा पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस मिरजेवरून बेळगाव, लोंढा, मडगाव करत उडुपी आणि मंगळूरला जाते. ती मंगळूर जंक्शनला थांबते, सेंट्रलला नाही. दोन्ही स्टेशनांत बरंच अंतर आहे, घ्यायला येणाऱ्याला नीट सांगा. इतर दिवशी मडगावला गाडी बदला. मधे दूधसागरचा घाट, १ ला ३७ चढ, मागून जोर द्यायला जादा इंजिन लागतं, तिथं गाडी रखडते. म्हणून मडगावला दोन गाड्यांत किमान तीन तास ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकीट जूनपूर्वी काढलं असेल तरी वेळ परत बघा.

उडुपीचं स्टेशन इंद्राळीला आहे, मणिपालच्या वाटेवरच. उडुपी शहरात जाऊन परत यायची गरज नाही. सुरतकलला स्वतःचं स्टेशन आहे, पण प्रत्येक गाडी थांबत नाही.

रस्त्यानं बेळगाव, हुबळी, यल्लापूर, अंकोला आणि तिथून ६६ नंबरनं दक्षिणेला. मणिपालपर्यंत साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला दरड येऊन हा रस्ता बंद पडला होता. अरबैल घाट रात्री नको. ट्रंक आणि गादी घेऊन पहिल्यांदा जाणार असाल तर गादी इथून नेऊ नका. कापसाची गादी तिकडच्या ओलीत ऑगस्टमध्ये वास मारते, तिथंच कॉयरची घ्या.

---

जतचा_कन्नडिग

काउन्सेलिंग_फेरी साहेब, दाखल्याचा नमुना केईएच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांत सापडला. तहसीलला विचारलं तर 'असा दाखला आम्ही देत नाही' म्हणाले.

---

काउन्सेलिंग_फेरी

तोंडी विचारू नका. पुस्तिकेचं पहिलं पान, गडीनाडूचं कलम आणि नमुना, तिन्हीची प्रत जोडून आवक विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रहिवासाचा पुरावा आणि शाळेचे दाखले सोबत. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना कोरा असेल तर आधी मुख्याध्यापकांकडून तो भरून घ्या, नाहीतर तहसील परत तिथंच पाठवेल.